फुल मॅरेथॉन भरली आहे, पण सकाळी उठवत नाही

प्रश्न: मी ४१ वर्षांची, कराडला राहते, शाळेत शिक्षिका आहे, दोन मुलं आहेत. सातारा हिल हाफ दोनदा केली, चांगली वेळ २ तास ३४ मिनिटं. जानेवारीत मुंबईला फुल भरली आहे. १८ आठवड्यांचा प्लॅन घेतला होता, तो चौथ्याच आठवड्यात बंद पडला. पाचचा गजर होतो, मी बंद करते आणि झोपते. मग दिवसभर स्वतःचाच राग येतो. नवे शूज घेतले. रात्री धावपटूंचे व्हिडिओ बघते तेव्हा खूप जोर येतो, सकाळी त्यातलं काही उरत नाही. सर, प्रेरणा कुठून आणायची? ज्या दिवशी जाते त्या दिवशी ६ किलोमीटर ४० मिनिटांत करते, म्हणजे वेग काही वाईट नाही. झोप साडेअकरा ते पाच.

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच शेवटच्या दोन वाक्यांत, जाता जाता लिहून टाकलंय. प्रेरणेकडे नंतर येऊ. आधी ते आकडे बघू.

आपली साताऱ्याची हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची शर्यत: यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तोच घाट उतरून शहरात यायचं. तिथे २:३४ करणारी बाई सपाट रस्त्यावर हाफ साधारण २ तास २० मिनिटांत करेल. किलोमीटरला ६ मिनिटं ३८ सेकंद. आता तुमचे रोजचे ६ किलोमीटर ४० मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद. दोन सेकंदांचा फरक. साडेपाच तासांच्या झोपेवर, अंधारात, एकटीने, तुम्ही प्रत्येक वेळी हाफ मॅरेथॉनच्या शर्यतीच्या वेगाने धावताय. पाचचा गजर झाला की शरीराला पुढे काय वाढून ठेवलंय ते नेमकं माहीत असतं. ते गजर बंद करणार नाही तर काय करेल?

गेली बारा वर्षं मी साताऱ्यात लोकांना धावायला शिकवतोय. ‘मोटिव्हेशन गेलं’ म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना मी आधी घड्याळातले मागच्या दहा धावांचे आकडे दाखवायला सांगतो. दहाच्या दहा एकाच वेगाच्या असतात. ना हळू, ना जोरात, मधल्याच कुठल्यातरी दमवणाऱ्या वेगाच्या. त्यांचं मन नको म्हणतं ते धावण्याला नाही, काल जसं धावलो तसं पुन्हा धावायला. हा फरक ध्यानात आला की निम्मं काम झालं.

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी जगातले अव्वल धावपटू, रोइंगवाले, स्कीवाले रोज नेमका कसा सराव करतात हे वर्षानुवर्षं तपासलं. त्यांच्या सरावातली पाचातली चार सत्रं अगदी हलक्या वेगाची निघाली. केनियाच्या एलियूड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत केली, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटांपेक्षाही कमी. तोच माणूस इझी रनच्या, म्हणजे हलक्या धावेच्या दिवशी चार मिनिटांच्या पुढच्या वेगाने सावकाश निघतो. इतक्या वेगवान माणसाला हळू धावायला कमीपणा वाटत नाही, आणि आपल्याकडे मात्र धावा नोंदवायच्या स्ट्राव्हा ॲपवर सात मिनिटांच्या पुढचा आकडा दिसला की लोकांना लाज वाटते. ही लाज आधी काढून टाका. तुमचा इझी रनचा वेग किलोमीटरला ७:४५ ते ८:१५ असायला हवा. तेच ६ किलोमीटर, पण ४७-४८ मिनिटांत. खूण सोपी आहे: शेजारी धावणाऱ्या बाईला काल वर्गात काय झालं ते पूर्ण वाक्यांत सांगता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करा. चढ आला आणि चालावं लागलं तर चाला.

पहिले दोन आठवडे हे फार जड जाईल. पायांचं काही नाही, आपण मागे पडतोय असं मनाला वाटत राहतं म्हणून. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी घरी परत आल्यावर लक्षात येईल की आज अंगात काहीतरी शिल्लक आहे, डबे भरताना चिडचिड झाली नाही. सकाळी उठण्याची ओढ तिथून सुरू होते. धावून आल्यावर जी गोडी शिल्लक राहते ती दुसऱ्या दिवशी उठवते. रात्रीचा व्हिडिओ हे करू शकत नाही. तो बघताना अंगावर काटा येतो हे खरं, पण तो जोर त्या पडद्यावरच्या माणसाच्या पायांतला असतो. आणि तो बघण्यात तुमची अर्धा तास झोप जाते.

आता झोप. गजर रात्री दहाचा लावा. तो वाजला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. उत्तरपत्रिका राहिल्या तर राहू द्या. साडेपाच तासांच्या झोपेवर आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणं पंचविशीत एखादवेळ निभतं, चाळिशीत निभत नाही, आणि निभावून नेलंच तर दुखापत होते. साडेदहाला झोप लागली तर साडेसहा तास होतात. तेही कमीच आहेत, पण सुरुवात करायला पुरतील. शाळेच्या दिवशी पाचला उठणं जमत नसेल तर आठवड्यातली एक धाव संध्याकाळी साडेसहाला करा. सकाळीच धावलं पाहिजे असा कुठेही नियम नाही.

इथे घरच्यांशी बोलायची गोष्ट येते, ती टाळू नका. माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांना चहा, डबा, मुलांचं आवरणं हे सगळं कुणीतरी करून देतं, ते फक्त शूज घालून बाहेर पडतात. बायका धावून येतात आणि ओल्या केसांनी पोळ्या लाटायला घेतात. मग त्याच म्हणतात की माझ्यात जिद्द कमी आहे. ताई, जिद्द कमी नाही, हात कमी पडतायत. मंगळवार आणि गुरुवारचे डबे घरातलं दुसरं कुणीतरी करेल, हे जानेवारीपर्यंतच्या प्लॅनमध्ये लाँग रनइतक्याच, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेइतक्याच ठळकपणे लिहा आणि फ्रिजवर लावा.

आणि एक रक्ततपासणी करून घ्या. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही, पण चाळिशीच्या आसपासच्या धावणाऱ्या बायकांमध्ये लोह कमी असणं फार आढळतं. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असतं. असं असेल तर जिने चढताना दम लागतो, उठवत नाही, कशात मन लागत नाही, आणि आपण त्याला आळस म्हणत राहतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, थायरॉइड, व्हिटॅमिन बी १२ आणि डी एवढं करा. शाकाहारी असाल तर बी १२ नक्की. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, नाडीचे ठोके मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले आणि असं दोन-तीन दिवस टिकलं तर तो विश्रांतीचा दिवस. सराव अंगावर येतोय हे पायांच्या आधी मनाला कळतं. वेळ बिघडायच्या कितीतरी आधी मूड बिघडतो.

एवढं सगळं करूनही एखाद्या सकाळी जावंसं वाटणार नाहीच. मलाही वाटत नाही. त्या सकाळसाठी कुणीतरी वाट बघत असलेलं माणूस लागतं.

आठेक वर्षांपूर्वीची जुलैमधली एक पहाट सांगतो. पावणेपाच वाजलेले, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. मी शूज घालून दाराशी बसलो होतो आणि आज नको असं माझं ठरून गेलं होतं. तेव्हा माझ्याबरोबर एसटीच्या वर्कशॉपमधला एक मेकॅनिक धावायचा. त्याला कळवायला फोन हातात घेतला आणि आठवलं, तो फोन घरी ठेवून निघतो. म्हणजे तो आत्ता पोवई नाक्यावर येऊन उभा असणार. कळवायला काही मार्गच नव्हता, म्हणून गेलो. नाक्यावर एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली तो उभा होता, डोक्यावर युरियाच्या पिशवीची घोंगती, पायात भिजलेले शूज. मला बघून काही बोलला नाही, घोंगती घडी करून पत्र्याच्या खाचेत खोचली आणि राजवाड्याच्या दिशेने चालायला लागला. समर्थ मंदिरापासून घाट लागला तेव्हा रस्त्यावरून घोट्याएवढं लाल पाणी वाहत होतं. यवतेश्वरपर्यंत आम्ही दहा वाक्यंही बोललो नसू. वर पोचलो तेव्हा धुक्यात देवळाचा फक्त दिवा दिसत होता. परत येऊन टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, ‘‘तुम्ही येणार म्हणून मी उठलो, नाहीतर आज काय उठत नव्हतो.’’

त्या दिवसापासून माझ्या गटात एक नियम आहे. रात्री नऊनंतर कुणीही कुणाला ‘उद्या नको’ असा मेसेज करायचा नाही. नऊच्या आधी रद्द करा, खुशाल करा, कारणही विचारणार नाही. पण नऊनंतर ठरलं ते ठरलं. या एका नियमाने माझ्या लोकांना जेवढं धावायला लावलंय तेवढं माझ्या कुठल्याही भाषणाने लावलेलं नाही.

कराडला तुम्हाला अशी माणसं मिळतील. पहाटे प्रीतिसंगमावर फिरायला येणाऱ्यांमध्ये दोन-तीन चेहरे रोजचे असतात. त्यांतली एखादी बाई धावणारी नसली तरी चालेल. तिला सांगा, मी मंगळवारी आणि गुरुवारी सव्वापाचला इथे येईन, आपण पहिली दहा मिनिटं एकत्र चालू, मग मी धावेन. अंधाराची, कुत्र्यांची, सुनसान रस्त्याची जी धास्ती तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही पण असणार, तीही त्याने कमी होते. ती धास्तीसुद्धा गजर बंद करायला लावते, हे बायका सहसा सांगत नाहीत.

माझी आई वारीला जायची. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, ऊन-पावसात, त्यात पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट. साठीनंतरही तिने सहा वाऱ्या केल्या. गुडघे दुखायचे. मी धावायला लागल्यावर एकदा तिला विचारलं होतं की रोज पहाटे उठून चालायची इच्छा कशी होते गं. तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, ‘‘दिंडी निघाल्यावर मागं कसं राहायचं?’’ तिथे रोज सकाळी जायचं की नाही हा प्रश्नच कुणी कुणाला विचारत नाही. दिंडीची जागा ठरलेली, निघायची वेळ ठरलेली, पुढचा मुक्काम ठरलेला. तुम्ही मात्र रोज पहाटे पाच वाजता, डोळे अर्धे मिटलेले असताना, तोच निर्णय नव्याने घ्यायला बसता. तो निर्णय रात्रीच संपवून टाका. कपडे, शूज, हेडलॅम्प, पाण्याची बाटली खुर्चीवर. कुठल्या रस्त्याने, किती वेळ, हेही ठरलेलं. सकाळी फक्त खुर्चीपर्यंत जायचं.

आणि दहा मिनिटांची सूट स्वतःला द्या. बाहेर पडायचं, दहा मिनिटं जायचं. तरीही नको वाटलं तर परत फिरायचं, आणि त्याचा अपराध मानायचा नाही. दहातल्या आठ वेळा तुम्ही परत फिरणार नाही. लागोपाठ तीन वेळा फिरलात तर मात्र तो आळस समजू नका. तीन दिवस पूर्ण विश्रांती घ्या आणि तो रक्ताचा रिपोर्ट आणा.

प्लॅनबद्दल. तुमचा बंद पडलेला प्लॅन मी बघितलेला नाही, पण तो चौथ्याच आठवड्यात मोडला म्हणजे तो तुमच्यासाठी केलेला नव्हता. जिथे सुटला तिथून पुढे पकडायला जाऊ नका, राहिलेले किलोमीटर भरून काढायला तर मुळीच जाऊ नका. आठवड्यात चार दिवस पुरे. मंगळवारी ४५ मिनिटं इझी. गुरुवारी तेवढंच, आणि शेवटी वीस-वीस सेकंदांचे सहा मोकळे, जलद तुकडे, मध्ये पूर्ण दम खाऊन. शुक्रवारी किंवा शनिवारी अर्धा तास घरीच पायांची, पोटाची, पाठीची ताकद वाढवणारे व्यायाम. रविवारी लाँग रन. लाँग रन १४ किलोमीटरपासून सुरू करा, १६, १८, मग एकदा १२ वर उतरा, पुन्हा चढा. असं करत शर्यतीच्या तीन आठवडे आधी २८ ते ३०. त्यापुढे कमी करत आणायचं. महिन्यातून एकदा लाँग रनऐवजी आगाशिवचा डोंगर चढून-उतरून या, सावकाश. मुंबईला पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटरच्या पुढे येतो. तो फार मोठा नाही, पण तेव्हा पायांत काही उरलेलं नसतं. डोंगराची सवय असलेला माणूस तिथे बिचकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात वेग आपोआप पडेल, पडू द्या.

लाँग रनला उपाशीपोटी जाऊ नका. आधी एखादं केळं, आणि पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाने दोन खजूर किंवा चिक्कीचा तुकडा आणि मीठ-साखरेचं पाणी. शरीरातला साखरेचा साठा तीसेक किलोमीटरला तळ गाठतो. तो संपत आला की जे ‘आता बास’ वाटतं त्याला लोक इच्छाशक्ती संपली म्हणतात. दोन खजुरांनी ती परत येते हे मी शेकडो वेळा बघितलंय.

एक वही करा. किपचोगे वर्षानुवर्षं आपला सराव हाताने वहीत लिहीत आलाय. तुम्ही वेग लिहू नका, घड्याळ लिहितंच. धावून आल्यावर कसं वाटलं ते एका ओळीत लिहा. ‘कंटाळत गेले, संगमावर धुकं होतं, येताना बरं वाटलं.’ महिन्याभराने ती पानं चाळा. ज्या दिवशी जायचं नव्हतं त्या दिवसांपुढेच सगळ्यात चांगल्या ओळी दिसतील. दुसऱ्या कुणाचं सांगणं त्या वेळी ऐकवत नाही, स्वतःच्या अक्षरातलं ऐकवतं.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा कळली. मी दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स धावलो, पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनला, सुमारे ९० किलोमीटर. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीसाठी १९२१ मध्ये सुरू झालेली शर्यत. बारा तासांचा कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत. बारा तास होताच पाठ फिरवून उभा असलेला माणूस बंदूक उडवतो, आणि त्या क्षणी रेषेपासून दोन पावलांवर असलेल्याचीसुद्धा नोंद होत नाही. त्या बंदुकीची भीती घेऊन मी वर्षभर यवतेश्वरचा घाट उतरत होतो. एकही सकाळ चुकली नाही. शर्यत झाली, पदक मिळालं. घरी आलो आणि चार महिने धावलो नाही. शूज बघवत नव्हते. मला वाटलं होतं एवढी मोठी शर्यत केली की ओढ कायमची लागेल. झालं उलटं. भीती संपली, त्याबरोबर सगळंच संपलं.

बाहेर कसा आलो? नवी शर्यत भरून नाही. बायको रोज अजिंक्यताऱ्यावर फिरायला जायची, तिच्याबरोबर जायला लागलो. नुसतं चालत. वर जाऊन सूर्य बघायचा, शहर बघायचं, खाली येऊन चहा. दोन महिन्यांनी एकदा उतरताना पाय आपोआप पळायला लागले. ती मागून ओरडली, ‘‘अहो, सावकाश!’’ तेव्हा मला कळलं की मी परत आलो.

म्हणून तुम्हाला एक विचारतो, उत्तर मला कळवलं नाहीत तरी चालेल. मुंबईची फुल तुम्ही का भरली? गटातल्या सगळ्यांनी भरली म्हणून असेल, तर यंदा ती सोडून पुन्हा हाफ धावण्यात काहीही कमीपणा नाही. बेचाळीस किलोमीटर धावल्याने माणूस मोठा होत नाही, आणि मनाविरुद्ध केलेली फुल पुढच्या दोन वर्षांचं धावणं खाऊन टाकते, असे लोक मी बघितलेत. पण फॉर्म भरताना पोटात जो गोळा आला होता, तो आज हे वाचतानाही येत असेल, तर जरूर धावा. उरलेले महिने पुरेसे आहेत. अजून काहीही हातातून गेलेलं नाही.

या रविवारी एवढंच करा. घड्याळ घरी ठेवा. संगमावरून निघा आणि नव्वद मिनिटं धावा, इतकं हळू की ओळखीचं कुणी भेटलं तर थांबून बोलावंसं वाटेल. पाऊण तास झाला की परत फिरा. वेळेसाठी फोन खिशात असू द्या, पण बंद ॲपसह. घरी येऊन आधी आंघोळ, मग पोटभर नाश्ता, आणि तो दुसऱ्या कुणीतरी केलेला. सोमवारी सकाळी वहीत एक ओळ लिहा आणि तीच मला पाठवा, किलोमीटर पाठवू नका. मंगळवारचं काय करायचं ते त्या ओळीवरून सांगतो.